पत्रिकेतलं शेवटचं नाव

कोल्हापुरात माझं लग्नपत्रिका डिझाइन करायचं दुकान आहे. त्या सकाळी कॉम्प्युटरनं अपडेट घेतलं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर बिघडलं. नेमके तेव्हाच एका नवरीचे वडील पत्रिका तपासायला आले. बाहेर त्यांची गाडी दिसली म्हणून त्यांचा धाकटा भाऊही आत आला.

स्क्रीनवर 'आपले नम्र' एवढंच दिसत होतं. खाली भावकीच्या नावांच्या जागी कोरा पांढरा पट्टा.

"माझं नाव कुठं हाय?" धाकट्यानं विचारलं.

"सगळी नावं हायत की, पावणं! ह्या अपडेटचा मुडदा बशिवला," मी उखडलो.

नवरीचे वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू." मला ते झोंबलं. माझ्या कामावर शंका? मशीन दोनदा बंद-चालू केलं. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्डचा पर्याय बंद केला आणि नावं झटक्यात उमटली.

"बघा!" मी ओरडलो.

धाकट्यानं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. शेवटच्या ओळीनंतर बोट तिथंच थांबलं. तेव्हा मला कालचा फोन आठवला. "शेवटचं नाव काढा," असं नवरीचे वडील म्हणाले होते. ते कुणाचं, हे न विचारता मी काढून टाकलं होतं.

धाकट्यानं भावाकडं बघितलंसुद्धा नाही. मलाच म्हणाला, "मशीन चांगलं हाय की तुमचं, पावणं."