खिडकीशी ओठ हलवणारा

ज्या माणसाचं नावही मी विचारलं नाही, त्याच्यावर लिहायचा मला अधिकार नाही. तरी लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. गंगाखेडहून परभणीला लॉ कॉलेजात जायच्या गाडीत तो रोज खिडकीशी बसलेला असायचा. दोघांच्याही हातात कायद्याचं तेच पुस्तक. मी ओळींखाली रेघा मारून पाठ करायचो. तो एक पान वाचायचा, मध्ये बोट ठेवून पुस्तक मिटायचा आणि बाहेर बघत ओठ हलवायचा. मार्क मला जास्त पडायचे. पण वर्गात त्यानं काही विचारलं की सर खुर्चीतून उठून उत्तर द्यायचे, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी विचारलंच, "मंत्र म्हणता का काय?"

तो हसला. "न्हाई ओ. माय जिनिंगात कापूस निवडती. वाचलेलं तिला मनातल्या मनात सांगायलोय. तिला कळलं न्हाई, तर मला तरी कुठं कळलं?"

हे मला का सुचलं नाही, म्हणून मी कितीतरी दिवस त्याच्यावरच चिडून होतो.

पुढं मीही वकील झालो. एके दिवशी वडील गंगाखेडच्या कोर्टातून खुशीत घरी आले.

"बांधाच्या भांडणाला वकील दिला. लय ब्येस माणूस. तुला गाडीत बघायचा म्हणला."

"आणि मी वकील न्हाई का?"

"हायेस की. पण तुझं बोलणं मला कळत न्हाई, बाबा."