नॉर्मलभाऊंचं रक्त

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे नॉर्मलभाऊ म्हणायचे. नवं यंत्र आलं की ते तपासायला पहिलं रक्त त्यांचंच. बाही वर करायची, स्वतःच सुई टोचून घ्यायची आणि नळीवर झोकात ‘नॉर्मल’ लिहायचं. अठरा वर्षं हेच चाललेलं. पोट पट्ट्याबाहेर आलं होतं. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले आणि आता भाऊ एकोणपन्नासचे. मी त्यावरून टोकलं की म्हणायचे, "ताई, साखर ब्याण्णव आहे माझी. आता बोल!" असा राग यायचा!

त्या सकाळी हार्मोन मोजणारं नवं यंत्र सुरू करायचं होतं. बाहेर बाकांवर अकरा जण रिपोर्टसाठी खोळंबले होते. भाऊंच्या नळीत इन्सुलिन निघालं एकतीस. उपाशीपोटी पंचविसाच्या वर जायला नको.

"यंत्र बिघडलंय," भाऊ म्हणाले.

परत लावलं. परत एकतीस. त्यांनी तक्रारीचा फॉर्म ओढला आणि भराभर लिहायला लागले. सही झाली असती तर यंत्र परत गेलं असतं आणि तो आकडा कचऱ्यात.

"थांबा. कंपनीची सीलबंद नळी लावून बघू. तिचा आकडा ठरलेला असतो."

"मी असताना? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या रक्तावर नाही!" मीही भडकले.

त्या नळीसोबत मी माझंही रक्त लावलं. अठरा मिनिटं लागणार होती. भाऊ पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मला मनापासून वाटत होतं, यंत्रच बिघडलेलं असू दे.

सीलबंद नळी बरोबर ठरल्या आकड्यावर आली. माझं इन्सुलिन सहा.

साखर जागेवर ठेवायला शरीर किती इन्सुलिन ओततंय, ते साखरेच्या आकड्यात दिसत नाही. पुढे रक्तदाब, चरबी, साखर सगळंच बिघडू शकतं, त्याची ही आधीची खूण. हे भाऊंनीच मला शिकवलं होतं.

"अजून वेळ आहे, भाऊ," मी म्हटलं. "कंबर मोजू, रक्तातली चरबी तपासू, डॉक्टरांना दाखवू."

त्यांनी तक्रारीचा फॉर्म फाडला, बाहेरच्या अकरा जणांच्या नळ्या यंत्रात लावायला सांगितल्या आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच हात माझ्यापुढे धरला.

"चरबीसाठी तूच काढ," म्हणाले.

मी त्यांच्या दंडाला पट्टा आवळला. ते भिंतीकडे बघत राहिले.

"बाबांची साखर पण नॉर्मलच होती, ताई. लॅबचं काम शिकत होतो तेव्हा, जायच्या आधी दोन महिने मीच तपासली होती. म्हटलं होतं, बिनधास्त राहा."