तीनशे पंचाहत्तर काडतुसं

आमचे हे, म्हणजे नसरुद्दीन चौगले, दिसायला हडकुळे आणि आवाजाने बारीक. बाजारात भाव करायला पाठवलं तर दुकानदारालाच दोन रियाल जास्त देऊन येतील. मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठचे, आयटीआय केलेले टर्नर. अकरा वर्षं सौदीत हफ्र अल बातिनला एका वर्कशॉपमध्ये काढली, एका खोलीत आठ जण. मग तबूकला अबू राकान नावाचा कफील, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक, मिळाला, त्याने शेतावरच्या पंपांचं आणि जनरेटरचं काम दिलं, शेताच्या कडेला दोन खोल्या दिल्या, आणि मी आणि आमची लाइबा इथे आलो. त्याला आता सहा वर्षं झाली.

अबू राकानला नेमबाजीचा नाद. मातीच्या थाळ्या यंत्राने हवेत उडवायच्या आणि बंदुकीने फोडायच्या. बघा मोठ्या लोकांची हौस! माझ्या हातून एक थाळी फुटली असती तर सासूबाई आठवडाभर बोलल्या असत्या. बंदुकीचा, काडतुसांचा सगळा परवाना त्याच्या नावावर, कागद फ्रेम करून भिंतीला लावलेले. वापरलेली रिकामी काडतुसं परत भरायचं एक प्रेस त्याने आणलं होतं. टेबलावर बसवायचं, हँडल ओढायचं. आणलं खरं, पण हँडल अडकायला लागलं तेव्हा ह्यांना हाक मारली, "नसर, बघ जरा."

ह्यांनी ते दोन दिवसांत दुरुस्त केलं. पण त्यानंतर महिनाभर एकही काडतूस भरलं नाही! का, तर पुस्तक वाचायचं होतं. पुस्तक इंग्रजीत, म्हणून रोज संध्याकाळी लाइबाला समोर बसवायचं. ती वाचणार, हे म्हणणार, "परत वाच." पोरगी रडकुंडीला आली. "अब्बा, नॉट अगेन!" म्हणायची आणि परत वाचायची.

मग नियम सुरू झाले. प्रेसची खोली आमच्या स्वयंपाकघराला लागून होती, तर माझी शेगडी आणि सिलिंडर उचलून घराच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. बारूद आणि चूल यांच्यामध्ये दोन भिंती पाहिजेत म्हणे. आत मोबाइल नाही, रेडिओ नाही, गप्पा नाहीत. अंगावर सुती कपडे, नायलॉनला ठिणगी उडते म्हणे. माझी नायलॉनची ओढणी दारातूनच परत. टेबलावर बारुदाचा एकच डबा, दुसरा कपाटात. आणि हँडल ओढून बारूद पडलं की प्रत्येक काडतुसात टॉर्च मारून बघायचं, मगच वर बूच, छर्रे, आणि तोंड मुडपून बंद. प्रत्येक! मी एकदा म्हटलं, "अहो, निकाहाच्या दिवशी मलासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतंत." तर म्हणाले, "तू फुटणार नव्हतीस." बघा आता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अबू राकानची मुलगी नूफ, एकोणीस वर्षांची, वर्षभर बापाबरोबर नेमबाजी शिकत होती. रियाधहून त्याचा चुलतभाऊ आणि घरची मंडळी यायची होती, आणि शुक्रवारी दुपारी उशिराच्या, असरच्या नमाजानंतर नूफ त्यांच्यासमोर पहिल्यांदा बंदूक धरणार होती. चुलतभाऊ आधीच बोलून बसला होता की मुलींचं हे काम नाही. त्यामुळे अबू राकान इरेला पेटलेला. ह्यांना सांगितलं, भरपूर काडतुसं तयार ठेव.

गुरुवारी सकाळपासून हे प्रेसवर. पंचवीस-पंचवीसचे ट्रे, प्रत्येक ट्रेवर नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. दहावा ट्रे चालू होता आणि दारात अबू राकानचे वडील उभे. म्हातारे शेख, ऐंशीच्या पुढचे, त्या खोलीकडे कधी न फिरकणारे. स्वतः गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली घेऊन आलेले. सकाळपासून पोरगं राबतंय, म्हणून. आता सांगा, एवढा वडीलधारा माणूस दारात आणि आपण बसून राहायचं? आमच्या गावात असं केलं तर कानाखाली बसेल. हे ताडकन उठले. हँडल अर्ध्यावर तसंच.

इकडची रीत अशी, की आपण फिंजान, म्हणजे तो इवलासा प्याला, हलवून पुरे म्हणेपर्यंत वाढणारा ओततच राहतो. आमच्या लाजाळू माणसाला फिंजान हलवायचा धीर होईना. पाच प्याले! शेख आपले गुडघेदुखीचं सांगतायत, खजुराच्या झाडांचं सांगतायत, हे मान डोलावतायत. तेवढ्यात अजान झाली. दोघं नमाजाला गेले. हे परत आले, बसले, हँडल ओढलं. संध्याकाळपर्यंत पंधरा ट्रे भरले आणि माझ्या कोठीच्या खोलीत, थंड जागी, फळीवर नीट लावून ठेवले.

आता माझी अक्कल ऐका. मी कोठीत कांदे आणायला गेले. बघते तर ट्रेमध्ये लाल, हिरवी, पिवळी, सगळी खिचडी. म्हटलं, उद्या रियाधची माणसं येणार, हे असं त्यांच्यापुढे न्यायचं? खजुराचे पंधरा रिकामे डबे होते. लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यामध्ये, पिवळी पिवळ्यामध्ये. वर लाइबाच्या फ्रॉकची उरलेली लेस बांधली. म्हटलं, बघून खूश होतील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना ह्यांचा कप हवेतच थांबला.

"मुन्नी, काल शेख आले तेव्हा हँडल कुठे होतं?"

"मला काय विचारता? मी कुठे होते आत?"

"मी उठलो तेव्हा बारूद पडलेलं होतं की पडायचं होतं? परत आल्यावर मी टॉर्च मारून बघितलं का?"

चेहरा पांढराफटक. बारूद आधीच पडलेलं असलं आणि वर परत हँडल ओढलं गेलं असलं, तर त्या एका काडतुसात दुप्पट बारूद. बंदुकीची नळीच फाटते. धरणाऱ्याचा हात जातो, डोळा जातो. आणि पहिली बंदूक नूफच्या हातात.

मग स्वतःच म्हणाले, "दहावा ट्रे होता. तेवढाच बाजूला काढतो. पंचवीस गेली तर गेली." कोठीत गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी मागोमाग गेले. लेस बांधलेल्या डब्यांपुढे हे उभे. मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, खरं सांगते. फक्त म्हणाले, "म्हणजे सगळीच."

मी वाद घातला. म्हटलं, वजन करा, जे जड ते वाईट. तर म्हणे, रिकामी काडतुसं तीन कंपन्यांची, त्यांच्या आणि छर्र्यांच्याच वजनात एवढा फरक, त्यात थोडं जास्तीचं बारूद लपून जाईल. म्हटलं, तोंड फुगलेलं दिसेल. म्हणे, दिसेलच असं नाही. मग मी घसरले. म्हटलं, "तुम्हाला नक्की कुठे आठवतंय? कदाचित काही झालंच नसेल. गप्प बसा. इथे राहायचा इकामा त्याच्या हातात आहे, लाइबाची दहावी तोंडावर आहे. उद्या हाकलून दिलं तर पोरीला घेऊन कुठे जायचं?" असं बोलले मी. आज लाज वाटते, पण बोलले.

हे सदरा घालत म्हणाले, "मुन्नी, बंदूक धरणारीही कोणाची तरी पोरगीच आहे." आणि डबे गाडीवर चढवून निघाले. मला राहवेना. अबाया घातला आणि मीही मागून गेले.

रियाधची मंडळी रात्रीच आलेली. अंगणात मांडवाखाली सगळे बसले होते. मी खांबाआड उभी राहिले. ह्यांनी सलाम केला आणि तोडक्यामोडक्या अरबीत सरळ सांगितलं, की काल काम अर्ध्यावर टाकून उठलो, माझी चूक झाली, एकात दुप्पट बारूद असेल, कोणत्यात ते कळायला मार्ग नाही, म्हणून यातलं एकही देणार नाही.

अबू राकानचा चेहरा उतरला. चुलतभाऊ मात्र हसायला लागला. "हिंदुस्तानी घाबरला! आण इकडे, पहिलं मी मारतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने एक डबा ओढला. आणि आमच्या ह्यांनी, भाजीवाल्याशी ज्यांना दोन शब्द बोलता येत नाहीत त्यांनी, त्या डब्यावर हात दाबून धरला. तो ओढतोय, हे सोडत नाहीत.

अबू राकान म्हणाला, "नसर, विचार करून बोल. पाहुण्यांपुढे माझी मान खाली घालतोयस. इथलं तुझं काम खलास होईल."

"होऊ दे," हे म्हणाले. "पण हे नूफच्या बंदुकीत जाणार नाही."

"तू तर ट्रेला नंबर घालतोस. मग सगळीच कशी बिघडली?"

हे म्हणाले, "मीच मिसळली."

धादांत खोटं! जन्मात एक खोटं बोललेला मी ऐकला नाही हा माणूस, आणि बोलला तो माझ्यासाठी. माझं डोकं सणकलं. परक्या पुरुषांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण गेले तरातरा पुढे. दुकानात शिकलेली माझी अरबी ती केवढी! छातीवर हात ठेवून म्हटलं, "अना. मी मिसळली. ह्यांनी नाही. सजा द्यायची तर मला द्या."

मग कोपऱ्यातून म्हातारे शेख काठी टेकत उठले. विचारलं, "हा कामावरून उठला कशामुळे?" हे काही सांगेनात. शेखच म्हणाले, "मी गहवा घेऊन गेलो म्हणून. मग चूक माझीही. आता काय करायचं, नसर?"

"सगळी उघडायची, बाबा."

"मग सुऱ्या आणा."

झाडाखाली टेबल मांडलं. ह्यांनी सगळ्यांचे मोबाइल गाडीत ठेवायला लावले, शेखांच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने कामाचा चष्मा चढवला, एक स्वतः घातला. हे काडतूस कापणार, बारूद काट्यावर ओतून वजन मोठ्याने सांगणार, शेख छर्रे परातीत टाकणार, मी बुचं गोळा करणार. जुम्म्याच्या नमाजासाठी उठलो, हात धुऊन परत बसलो. चुलतभाऊ खुर्ची टाकून आकडे मोजत होता. शंभर, काही नाही! दोनशे, काही नाही! दरवेळी हसायचा. मी मनात काय मागत होते सांगू? या अल्ला, एक तरी वाईट निघू दे. ह्यांची इज्जत राहू दे.

तीनशे पंचाहत्तराव्यातही काही निघालं नाही. सगळी बरोबर, एकाही दाण्याचा फरक नाही.

"बघितलंत!" चुलतभाऊ उठला. "एका भित्र्याने अख्खा दिवस फुकट घालवला."

ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, बरं झालं." बस्स. कपाळावर आठी नाही. मला मात्र रडू फुटलं, रागाने.

असरची वेळ टळून गेली. चुलतभावाने आपल्या गाडीतून दुकानातली काडतुसं आणली आणि पेटी नूफपुढे ठेवली. "घे, आता उशीर नको." पोरीने पेटीकडे बघितलं, मग कापलेल्या ढिगाकडे बघितलं. पेटी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"काका," ती बापाच्या चुलतभावाला म्हणाली, "नुसत्या शंकेसाठी हा माणूस तीनशे पंचाहत्तर उघडतो. मी फक्त ह्याच्या हातचंच बंदुकीत घालीन. त्याला वेळ लागेल तेवढा लागू दे." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "पंचवीस भराल का, नसर काका?"

अबू राकानने स्वतः जाऊन प्रेसच्या खोलीचं दार उघडून दिलं.

हे आत बसले. खिडकीतून मला दिसत होतं. हँडल खाली, हँडल वर, टॉर्च, बूच. घाई नाही, की बाहेर एवढी माणसं ताटकळतायत म्हणून एकदाही टॉर्च चुकवणं नाही. अंगणात वीस-पंचवीस माणसं, रियाधची पैसेवाली, आमच्या टर्नरची वाट बघत बसली होती. नोकर गहव्याचं तबक घेऊन खोलीकडे निघाला, तर म्हाताऱ्या शेखांनी काठी आडवी धरली. "थांब. तो काम करतोय." आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिले, गुडघेदुखीसकट, शेवटचं हँडल वर जाईपर्यंत.

बायकांच्या बाजूला अबू राकानची बहीण माझ्या शेजारी उभी होती. तिने मला काहीएक विचारलं नव्हतं. तरी मी तिचा हात धरून खिडकीकडे बोट केलं आणि सांगितलं, "तो माझा नवरा."