नारळ परत मिळत नाही

अकोल्यातल्या एका चौकात दर उन्हाळ्यात माझा फोटो लागायचा. फ्लेक्सच्या मधोमध सर, पांढऱ्या कपड्यांत, हात उंचावून; आणि खालच्या कोपऱ्यात मी, कॉलेजच्या ओळखपत्रावरची, दोन वेण्यांची. शेजारी लिहिलेलं असायचं: ‘आमच्या शिबिरात तोतरेपणातून मुक्त झाल्या, आज अमरावतीत स्वतः वाचातज्ज्ञ!’ मी अमरावतीहून माहेरी निघाले की स्टेशनावरून रिक्षा त्याच चौकातून जायची, आणि मी दरवेळी त्या फ्लेक्सला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. मनातल्या मनात मी कधीच अडखळत नाही. शिव्या तर फार सुरेख, सलग येतात.

उघड्या तोंडाने मात्र मी आजही अडखळते. माझे पेशंट हे जाणून असतात. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकते. सगळ्यांत वाईट अडते ती स्वतःच्या नावावर. नाव असा शब्द आहे की त्याऐवजी दुसरा वापरता येत नाही. शिवाय समोरच्याला घाई असते. माझा शब्द ओठांवर अडकला की लोक तो स्वतःच पुरा करून माझ्या तोंडात कोंबतात. यात बाबांचा हात कोणी धरू शकलं नाही. लहानपणी दुकानात मी ‘सा’ म्हणायचा अवकाश, ते मागून ‘साखर’ म्हणून मोकळे. मला साबण हवा असायचा.

बाबा अकोल्याच्या कोर्टात बाबू होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा त्यांनी मला सरांच्या शिबिरात घातलं. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वाचेच्या उपचाराचं शिक्षण शून्य, पण आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या खुर्चीलाही माइक लागू नये. एका मंगल कार्यालयात आठवडाभर आम्हाला बसवायचे. पद्धत एकच: मांडीवर हाताने ताल धरायचा आणि प्रत्येक अक्षर तालावर टाकायचं. मा, झं, ना, व. शेवटच्या दिवशी घरचे लोक यायचे. एकेकाने स्टेजवर जाऊन तालात नाव-गाव सांगायचं आणि नारळ चढवायचा. ज्याचा नारळ चढला तो बरा झाला, हा तिथला नियम. स्टेजच्या कडेला नारळांचा ढीग लागायचा आणि सर त्या ढिगाकडे बोट दाखवायचे. याहून मोठा पुरावा कोणाला हवा?

मीही चढवला. न अडखळता नाव सांगितलं, बाबा पहिल्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होते. सोमवारी कॉलेजात हजेरी झाली. माझं नाव पुकारलं आणि ‘यस मॅडम’मधला ‘य’ माझ्या घशात असा रुतला की मॅडम पुढच्या नावावर निघून गेल्या. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. माझी गैरहजेरी लागली.

बाबा मला घेऊन परत सरांकडे गेले. सरांच्या ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली. सरांनी मला एक वाक्य बोलायला लावलं, मी अडले, आणि ते लोकांकडे वळून म्हणाले, “सराव नाही केला पोरीनं. नाचता येईना, अंगन वाकडं!” मी मान हलवून नाही-नाही म्हणत होते, कारण मांडीवर ताल धरून धरून मांडी दुखत होती माझी. सर म्हणाले, “नारळ चढवला तवा बोलली होती का नाही? मंग? आता नारळ काही वापस भेटत नाही.” सगळे हसले. बाबाही हसले.

त्या दिवशी मी डूख धरला. सरांवर धरला तो साधा होता, कोणीही धरला असता. बाबांच्या हसण्यावर धरला तो जास्त खोल गेला. त्यानंतर घरात मी अडखळले की बाबा एकच शब्द बोलायचे: “सराव.” पाहुण्यांसमोर, जेवताना, फोनवर. मला बघायला आलेल्या माणसांसमोरसुद्धा. मी पहाटे उठून, दार लावून, ताल धरून बोलायचे. बाबांना वाटायचं पोरगी अभ्यास करते. निवृत्तीनंतर तर ते शिबिराचे कार्यकर्तेच झाले. छातीला बिल्ला लावून, नारळ उचलून ढिगावर रचणं हे त्यांचं काम. सरांचं नाक कापावं ही इच्छा मला होतीच, ती लपवण्यात काय अर्थ? पण खरी भूक वेगळी होती. बाबांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, की तू सराव केला होतास.

मी वाचोपचाराच्या शिक्षणाला गेले तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना संशोधनपद्धती हा विषय आला की झोप यायची. माझ्या अंगात वीज खेळायची. आधी मोजा, मग उपचार करा, मग पुन्हा मोजा. फक्त खोलीत मोजू नका, बाजारात मोजा. शेवटच्या दिवशी मोजू नका, काही महिने जाऊ द्या. ज्यांना उपचार मिळाला नाही तेही मोजा, नाहीतर आपोआप काय झालं असतं हे कळणार कसं? आणि जे परत आलेच नाहीत त्यांना शोधून काढा. बाई फळ्यावर लिहीत होत्या, आणि मला एकेक ओळीत सरांचा ढीग ढासळताना दिसत होता. लोक आयुष्यात सूड घ्यायला चाकू शोधतात, मला वही-पेन मिळालं.

संधी यायला बरीच वर्षं लागली. शिबिराला गर्दी इतकी वाढली की निम्म्या लोकांना पुढच्या तुकडीत या म्हणावं लागायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. मी सरांकडे गेले. तोंडात साखर ठेवून गेले. म्हटलं, सर, आधी कोण आणि नंतर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, भांडण मिटेल. आणि दोन्ही गटांचं बोलणं मी मोजते, तुमच्या शिबिराचं नाव होईल. सर खुलले. “मोज ना बाप्पा! सोन्याले काय कस लागते?” काय निघालं तर ते जिंकले आणि काय निघालं तर हरले, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगून ठेवलं. त्यांनी हसत मान हलवली. हरण्याचा भाग त्यांनी ऐकलाच नसावा.

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या, बाबांनीच डबा हलवला. शिबिराआधी प्रत्येकाचं बोलणं रेकॉर्ड केलं. तीन महिन्यांनी, त्यांनी आधी होकार दिल्याप्रमाणे, अनोळखी माणसाने कधीही फोन करायचा, साधा पत्ता विचारायचा, आणि तेवढं बोलणं घ्यायचं. वाट पाहणाऱ्यांनाही तसाच फोन. ही रेकॉर्डिंग मी स्वतः मोजली नाहीत. माझे कान सरांचे वैरी होते, आणि वैऱ्याच्या कानांनी मोजलेलं कोणी खरं मानू नये, मी तर नाहीच. अमरावतीतल्या दोन सहकाऱ्यांना नावं काढून, उलटसुलट करून दिली. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, कोण शिबिरातला, कोण रांगेतला, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या ऐकत बसायच्या आणि मी बाहेर देवाला साकडं घालायचे की याला हरव.

हिवरखेडचा एक मोबाइल-दुकानदार शिबिरात फार छान बोलला होता. तीन महिन्यांनी तो फोनच उचलेना. शेवटी त्याचा मेसेज आला: ‘मॅडम, माझाच सराव कमी पडला. सरांना सांगू नका.’ ते वाचून मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मग जो भेटला तो हेच म्हणाला. माझंच चुकलं, माझाच सराव कमी. प्रत्येकाच्या घरात एकेक बाबा बसवून ठेवले होते सरांनी.

निकाल लागला. शिबिरातले आणि रांगेतले, तीन महिन्यांनंतर ऐकणाऱ्यांना वेगळे काढता आले नाहीत. रांगेतले काहीजण तर काही न करता सुधारले होते. माणूस दारात येतो तो त्याच्या सगळ्यांत वाईट दिवसांत. पुढे थोडं बरं व्हायचंच असतं. सुंठीवाचून खोकला जातो आणि सुंठवाला पैसे मागतो. मी देवापुढे पेढे ठेवले.

कागद घेऊन सरांच्या ओसरीवर गेले. बाबा तिथेच होते. सरांनी पहिलं पान पाहिलं आणि कागद परत दिले. “त्यायनं सराव नसंन केला,” ते म्हणाले. बस. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “सर बरोबर म्हनतात व. कागदाचं काय? मी माह्या डोळ्यानं पायलं, तू स्टेजवर बोलली होती.”

त्याच ओसरीवर सरांनी मला पुढच्या शिबिराच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. कागदाचा राग नाही, हे चार लोकांना दाखवायचं असावं. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की सर जरा चपापले.

सकाळची वेळ, मंगल कार्यालय भरलेलं. दीप लागला, हार झाले. बाबा बिल्ला लावून पहिल्या रांगेत. मी माइक हातात घेतला, दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला, आणि नाव-गाव, शिक्षण, सगळं तालावर सांगून टाकलं. एकही अक्षर अडलं नाही. टाळ्या पडल्या. सर खुर्चीत मागे रेलले.

मग मी म्हटलं, ज्याला वाटेल त्याने असाच ताल धरून बोलून बघावं. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी उठले. त्याच सकाळी आलेले, शिबिराचा एक तासही न बसलेले. त्यांनी ताल धरला आणि न अडखळता नाव-गाव सांगितलं. स्वतःच दचकले. मी तबकातला नारळ उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “शिबिर अजून सुरू व्हायचं आहे, आणि हे बरे झाले.” हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तालावर जवळपास कोणीही बोलतो, मी सांगितलं. पण तालावर कोणी बाजारात जात नाही.

आणि मी मांडीवरचा हात उचलला. साध्या बोलण्यात माझं नाव घ्यायला गेले. ते अडलं. मी डोळे मिटले नाहीत, तोंड वळवलं नाही, शब्द बदलला नाही. जबडा अडकलेला, मानेची शीर ताठ, ते सगळं मी त्या माइकवर सगळ्यांना बघू दिलं. बाबांचे ओठ हलले. सवयीने ते माझं नाव पुरं करायला निघाले होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते थांबले.

नाव बाहेर आलं. मग मी, अडत अडत, घरच्या बोलीत बोलले. “बाबा, मी रोज सराव केला. त्या सोमवारच्या आंधीबी केला, मंग बी केला. आजबी करून राहिली. तुमी कोर्टात होते ना? एकाच बाजूचे साक्षीदार बोलावून निकाल लागते का कधी? नारळ चढवणारे तुमी मोजले. घरी जाऊन पुन्हा अटकले, त्याईले कोनं बोलावलं?”

सर उठले. “मॅडमले पानी द्या, घाबरल्या त्या,” म्हणाले. माइक बंद झाला आणि स्पीकरवर सनई लागली. काही लोक उठून गेले, बरेच बसून राहिले. शिबिर झालं. ते आजही होतं. चौकातल्या फ्लेक्सवर आता माझ्या जागी दुसरी मुलगी आहे, आणि तिच्यासाठी माझा राग तसाच शिल्लक आहे.

मी बाहेर येऊन रिक्षात बसले. तेवढ्यात बाबा आले. छातीवर बिल्ला नव्हता. शर्टाला पिनेची दोन भोकं दिसत होती. त्यांनी एक नारळ माझ्या मांडीवर ठेवला. “हा तुहा,” ते म्हणाले, “वापस घे.” मग रिक्षाची दांडी धरून उभे राहिले. “मी... मी तुले...” त्यांचे शब्द संपले.

पुढचा शब्द कोणता, हे मला ठाऊक होतं. पुरवला असता तर त्यांची सुटका झाली असती. पण माझ्या धंद्याचा पहिला नियमच आहे, अडलेल्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, त्याला त्याचा वेळ द्यायचा. तो नियम इतक्या आनंदाने मी कधीच पाळला नव्हता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. रिक्षावाल्याने वळून बघितलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मी चुकलो,” बाबा म्हणाले. “तू केला होता सराव.”

मी नारळ उचलला आणि त्यांना बसायला जागा दिली.