पुढचा जिना

“पूस. तुझ्या आईचे पाय उमटलेत ना? मग तूच पूस.”

मुख्याध्यापक वरच्या पायरीवर उभे. मी चौथीत. आई खाली, चपला हातात.

तिची चूक एवढीच की शाळेला तिने देऊळ समजलं. पहिल्यांदाच येत होती. चपला काढल्या, पटांगणातल्या नळावर पाय धुतले आणि ओल्या पायांनी पुढचा जिना चढली. पॉलिश केलेला सागवानी जिना. तो विश्वस्तांचा, शिक्षकांचा, वकील-डॉक्टरांच्या मुलांचा. आम्हा गिरणी कामगारांच्या पोरांना मागचा लोखंडी जिना. नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरज नव्हती.

मुख्याध्यापकांच्या पायात रस्त्यावरचे बूट होते. ते मात्र त्या जिन्याला चालत होते.

फ्रॉकच्या घेराने मी अकरा पायऱ्या पुसल्या. आई खालून म्हणाली, “नीट पूस गो बाय. सर रागावतले.”

त्यांचा राग तेव्हाच उतरला असेल. माझा नाही.

आज मी जुन्या लाकडाचा धंदा करते. पाडलेल्या चाळींची दारं, तुळया, कठडे घेते, विकते. शिवडीला वखार आहे. घासाघीस स्वतःच शिकले. माझं तोंड वाईट आहे, हे सगळ्या परळला ठाऊक आहे.

ती शाळा केव्हाच बंद पडली. कुलपात असताना पुढच्या जिन्याच्या सात पायऱ्या कुणी उपटून नेल्या. आता इमारतीचं जतन चाललंय. वर कलादालन, खाली कॅफे. त्या जातीचं, त्या वयाचं बर्मा सागवान माझ्याकडे आहे, म्हणून बोलावणं आलं.

दारातच एक विश्वस्त. रेशमी कुर्ता. “बाई, चपला काढून या हं. हेरिटेज आहे.”

मी चपलांसकट उरलेल्या चार पायऱ्या आणि मधल्या कामचलाऊ फळ्या चढले. मुद्दाम सावकाश.

टेबलावर नकाशा होता. मागच्या जिन्यावर लाल फुली.

“हे काय?”

“तो पाडतोय. कुरूप दिसतो. आणि मूळ बांधकामात नाहीच तो.”

मूळ बांधकामात आम्हीही नव्हतो. जतन म्हणतात याला. झाडू मारायचा आणि त्याला संस्कृती म्हणायचं.

म्हटलं, “तो जिना राहील. तिथून कोणाची मुलं चढायची आणि का, याची पाटी लागेल. मग लाकूड.”

ते हसले. “ताई, भाव बोला ना. देणगीदारांत तुमचंही नाव घालू.”

“भाव सांगितला. कमी होणार नाही.”

मी उठले आणि पुढच्याच जिन्याने उतरले.

आता रोज फोन येतो. उद्घाटन तोंडावर आलंय म्हणे. येऊ दे. सात फळ्या वखारीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. असा माल मला पुन्हा मिळणार नाही. तरी मागच्या जिन्यावर एक हातोडा पडला, तर सातही फळ्या मी माझ्या हाताने करवतीखाली घालीन.