रोलरवरची हळद

जयवंता,

पोशीरच्या भातखाचरातली तू, आणि खालापुरात कृत्रिम पायाच्या तळव्याच्या पट्ट्या छापणारं यंत्र चालवतेस, हे मी भेटेल त्याला सांगते. वितळत्या प्लास्टिकात भिजलेला कार्बनचा अखंड धागा थरावर थर अंथरायचा आणि मागून गरम रोलरनं दाबायचा. दाब नीट बसला तर थर एकजीव होतात. नाही तर आत पोकळी राहते आणि पट्टी वजनाखाली उकलते. हे तू मला शिकवलंस. शाळेत तुला विज्ञान शिकवणारी मी!

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तू भिसेगावात माझ्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"बाई, माज्या हातनं चूक झाली. खंडेनवमीला मशीनची पूजा केली. रोलरला बी हळदकुंकू लावलं. फडक्यानं पुसलं अन् लगीच दोन पट्ट्या काढल्या. मंग आजपातुर मशीन बंदच हुतं."

"रोलरला? देव्हारा वाटला का गं तो तुला?"

"हसू नका. आज रोलर खोलला, तर हळद अजून हाय. थरात गेली असंल, थर चिकटले नसतील."

मी हसत नव्हते. त्यातली एक पट्टी माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, कळंबच्या सहदेवच्या कृत्रिम पायात होती, आणि तो सध्या भाताचे भारे डोक्यावरून वाहत होता.

रिक्षात तू माझं मनगट आवळून बसलीस. सहदेव बांधावरच दिसला, भाऱ्यासकट.

"सहदेव, थांब! हलू नकोस!"

"का वं बाई, साप हाय का?"

त्याला खाली बसवून तू पाय सोडवलास. मडकं पारखावं तशी पट्टी बोटानं वाजवत गेलीस. टाचेशी खणखणीत, मध्यावर बद्द. कडेला नख घातलंस, तर थर उचलला.

"आणि दुसरी पट्टी?" मी विचारलं.

"व्यापारी घेऊन गेला. कुनाला दिली, ते शेठलाच ठाव. शेठला इचारायचं म्हंजे समदं सांगावं लागंल. नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. सोमवारी मी येते बरोबर."

सोमवारी अकरापर्यंत मी कारखान्याच्या फाटकाशी उभी होते. तू आतून मला पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. मला एकटीला आत जाता आलं असतं. मी परतीची एसटी धरली.

मार्गशीर्ष लागला. दुसऱ्या पट्टीवर चालणारा तो माणूस कोण, हे आपण दोघींनी शेठला अजून विचारलेलं नाही.