वहिनी, रीळ धरा

बुडणारा माणूस हात वर करतो. आमच्या भावजींनी रीळ वर केलं.

बंधाऱ्यावरच्या शेवाळावरून त्यांचा पाय सटकला तेव्हा मी जवळच बसून मेथी निवडत होते. त्यांचं काम कधी वेळेत होत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी घरातलं काम सोबत आणलं होतं. धपकन आवाज झाला. बघते तर टोपी एकीकडे तरंगतेय आणि पाण्याच्या वर नुसता एक हात, त्यात बांबूला बांधलेलं ते पितळी रीळ. मग तोंड वर आलं. मला वाटलं, आता वाचवा म्हणतील. ते म्हणाले, "वहिनी, रीळ धरा."

बंधाऱ्याच्या एका मोरीची फळी निघालेली होती आणि पाणी तिकडं ओढत होतं. त्या मोरीत म्हैस गेली तरी ती जिवंत बाहेर येत नाही. भावजींना पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नदीकाठच्या गावात सत्तरीला टेकलेल्या माणसाला असलं काही विचारायचं कुणाच्या मनात येतं? मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले. माझं माहेर पलीकडच्या काठावर, शिरूर तालुक्यात. आम्ही पोरी पाठीला वाळके भोपळे बांधून ह्याच भीमेत पोहायला शिकलो. पण तेव्हा माझे गुडघे शाबूत होते आणि नदीत जलपर्णी नव्हती.

मी त्यांची कॉलर धरली. ते रीळ माझ्या नाकापुढं नाचवत होते. "आधी हे घ्या. वहिनी, हे घ्या आधी."

"अरे गाढवा, हात दे," मी म्हणाले.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा भावजी नाक ओढत शाळेत जायचे. धाकटा दीर असला तरी दीर, म्हणून तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहोच करत आले. पहिल्यांदा अरे म्हणाले ते त्या पाण्यात.

त्या आधीचं सांगते. माझे मालक गेले, भावजींची बायकोही गेली. त्यांची एकुलती एक लेक रेखा शिक्रापूरला दिलेली. घरात आम्ही दोघं म्हातारी. भावजींनी सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी केली. जन्मभर लोकांना नट-बोल्ट काढून दिले, स्वतः एकही बसवला नाही. पण रिटायर झाले आणि त्यांना वाटायला लागलं, की आपण मिस्त्री आहोत.

वस्तू उघडणं हा त्यांचा नाद. बंद करणं हा नाद नव्हता. माझा मिक्सर उघडला, मोटारीचा स्टार्टर उघडला, चांगला चालणारा रेडिओ उघडला. का उघडलात विचारलं तर म्हणायचे, "आतनं कसा हाय त्ये बगितलं." आणि बंद कधी होणार विचारलं, की ठरलेलं उत्तर, "व्हतंय की." हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की कुणी परक्यानं उच्चारले तरी मला राग येतो. उघडलेल्या वस्तूचे स्क्रू ते माझ्या मिसळणाच्या डब्यात ठेवायचे. त्यात सात वाट्या असतात, म्हणून त्यांना तो फार सोयीचा वाटायचा. जिऱ्यात वायसर आणि मोहरीत छऱ्यासारख्या गोळ्या सापडायच्या. एकदा तर आमटीत स्प्रिंग आली. ती त्यांनी बोटानं काढली, चाटली आणि खिशात टाकली. "हीच सापडत नव्हती," म्हणाले.

रिळाची भानगड मात्र सासऱ्यांच्या दहाव्यापासूनची. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकामे मजूर होते. तिथं इंजिन चालवणारा एक साहेब होता. तो देश सोडून जाताना आपलं मासे धरायचं रीळ आप्पांना देऊन गेला. बशीएवढं पितळी चाक, त्याला शिंगाची मूठ. दोरी सुटायला लागली की त्यातून करर्र असा आवाज यायचा. आप्पा सुट्टीला आले की नदीवरच असायचे. पुढं त्यांनी गळ्यात माळ घातली, मासे सोडले आणि रीळ लोखंडी पेटीत टाकलं. मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नाही.

आप्पांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर चांगले पाचसहा बसलेले. उन्हं चढली. जो तो पुढं होऊन कबूल करायला लागला. आमचे मालक म्हणाले, "भावकीत भांडण करणार न्हाई." ते खोटं आहे हे कावळ्यालाही कळलं असेल. कुणी म्हणालं आत्याला सांभाळू, कुणी म्हणालं देवळाला कळस करू. कावळे ढिम्म. शेवटी भावजी पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, "आप्पा, तुमचं रीळ चालू करून नदीवर न्हेतो."

कावळा खाली उतरला आणि शिवला.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं म्हणणं मी तेव्हाच सांगितलं होतं आणि आजही तेच आहे. सगळे पिंडाला खेटून उभे होते. भावजी काय बोलतात ते ऐकायला सगळे त्यांच्याकडं वळले, जागा मोकळी झाली, आणि सकाळपासून उपाशी असलेला पक्षी खाली आला. पण भावजींनी ते मनाला बांधून घेतलं. नोकरी होती तोवर दर पितृपक्षात म्हणायचे, "आप्पा अडकलेत, वहिनी. माझ्यापायी अडकलेत." मी म्हणायचे, "आप्पा कुठं अडकले न्हाईत. रीळ पेटीत अडकलंय. काढा आन् मोकळे व्हा."

रिटायर झाल्यावर काढलं. आतलं वंगण वाळून डिंक झालेलं. त्यांनी ट्रॅक्टरचं डिझेल माझ्या कणकेच्या परातीत ओतलं आणि त्यात ते भिजत घातलं. पितळ घासायला चिंच माझी, रांगोळी माझी आणि शेवटी हातही माझेच. ते शेजारी बसून सांगणार, "जरा दमानं, साहेबाचं हाय." घासून लख्ख झालं तेव्हा ज्याला त्याला दाखवत सुटले, "आता फकस्त चालायचं राह्यलंय." बैल मेला आणि फक्त औत ओढायचं राहिलंय म्हणावं, तसं ते होतं.

कारण आत एक दातेरी चाक होतं आणि त्यात अडकणारा एक बारका दात. तो झिजला होता आणि त्याची स्प्रिंग तुटली होती. स्प्रिंगसाठी त्यांनी घरातली सगळी पेनं खोलली, कपडे वाळत घालायचे चिमटे मोडले. एक दिवस माझा गॅसचा लायटर पेटेना, तेव्हा मला कळलं की स्प्रिंग मिळाली. दातासाठी मला स्कूटीवर मागं बसवून शिक्रापूरला नेलं. रेखाला भेटायचं निमित्त काढलं होतं. चौकातल्या ट्रकांच्या गर्दीतून जाताना मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटतं त्यांनीही मिटले असावेत.

तिथं एक परप्रांतातला लेथवाला होता. त्यानं रीळ उलटंसुलटं करून पाहिलं. "चाचा, ये क्या चीज है?"

"बाप का हाय," भावजी म्हणाले.

"नया ले लो ना. फोन पे मंगाओ, घर पे आ जायेगा."

"बाप बी येतो का फोनवर, बग जरा."

तो माणूस हसला आणि करवतीच्या मोडक्या पात्याचा दात घासून दिला. घरी येऊन भावजींनी तो उलटा बसवला. त्यामुळं रीळ आत फिरे, बाहेर फिरेना. "निम्मं झालं," म्हणाले. उरलेल्या निम्म्याला पुढचा सगळा पावसाळा गेला. शेवटी जमलं. मग नायलॉनच्या दोरीचं टोक माझ्या शेळीच्या गळ्यात बांधलं आणि तिला हुसकावलं. शेळी पळाली शेवंतीच्या वाफ्यात, आणि मागं रीळ वाजलं, करर्र. भावजी अंगणात उभे राहिले आणि रडले. मी शेळी सोडवायला गेले, कारण ती शेवंती खात होती.

दुसऱ्या दिवशी नदीवर निघाले. एकटे जायला भीत होते, हे आता कळतं. तेव्हा म्हणाले, "वहिनी, साक्षीला कुणीतरी पायजे."

"आप्पा बघतील की."

"आप्पांची नजर अधू व्हती."

त्यांच्याही गळ्यात माळ, म्हणून मासा धरून लगेच सोडायचा होता. गांडूळही चालेना. गळाला लावायला माझी कणीक मळून घेतली. बंधाऱ्यावर उभं राहून गळ टाकला. बराच वेळ काही नाही. मी निम्मी मेथी निवडली. मग दोरी ताणली, रीळ वाजलं, ते ओरडले, "लागला," आणि पुढं पाऊल टाकलं ते शेवाळावर.

तिथून पुढचं वर सांगितलंच आहे. कॉलर धरून मी त्यांना भिंतीच्या कडेकडेनं ओढलं. एकदा आम्ही दोघंही मोरीच्या तोंडाशी गेलो. माझा पाय आत खेचला गेला आणि मला वाटलं, ह्या पितळेपायी मी मरणार. भिंतीत एक लोखंडी कडी होती. ती हाताला लागली म्हणून हे लिहिते आहे. बाहेर आलो तर भावजी उताणे, तोंडातून पाणी येतंय, आणि रीळ अजून वाजतंय. दोरी सुटतच चालली होती. संपली असती तर बांबू आणि त्याला दोन्ही हातांनी धरलेले भावजी पुन्हा पाण्यात गेले असते. सोडा म्हटलं तर सोडेनात. मग मी दोरी तोंडात धरली आणि दातानं तोडली. माझे दात अजून माझे आहेत.

दोरी तोडली तेव्हा ती थरथरत होती. वाहत्या पाण्यात कुठलीही दोरी थरथरते.

भावजींना बोलता आलं, तेव्हा पहिलं वाक्य काय असावं? "वहिनी, तुम्ही मला गाढव म्हणालात." आणि दुसरं, "मोठा मासा व्हता. तुम्ही तोडला."

"जलपर्णी होती," मी म्हणाले.

त्या दिवसापासून ते मरेपर्यंत आमच्या घरात हाच एक विषय होता. भाकरी वाढताना, दूध तापवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर रेखाशी. मासा की जलपर्णी. त्यांना भीती होती, की मासा नसेल तर आप्पांना दिलेला शब्द पुरा झाला नाही. मी समजावलं, "तुम्ही कबूल काय केलं होतं? चालू करीन म्हणालात. चाललं. नदीवर नेईन म्हणालात. नदीवर काय, नदीत नेलंत. माशाचं बोलणंच न्हवतं."

"तसं न्हाई. तुम्ही निस्तं म्हना, मासा व्हता."

"जे मी बघितलं न्हाई, ते कसं म्हणू?"

"मग जलपर्णी तरी कुठं बघितली?"

ह्यावर मी भांडी घासायला उठायचे.

पुन्हा नदीवर जायची त्यांची हिंमत झाली नाही. रीळ खुंटीला टांगलं आणि येता-जाता मूठ एकदा फिरवायचे. मला वरच्या खोलीत कळायचं, भावजी उठले, भावजी जेवायला आले, भावजी झोपले. पुढच्या वैशाखात एक दिवस जेवून खुर्चीत बसले आणि बसल्याजागी गेले. पुढ्यात टेबलफॅन उघडलेला. ऐन उन्हाळ्यात घरातला एकच पंखा उघडून ठेवून गेले. त्याचे स्क्रू मला नंतर हळदीत सापडले.

त्यांच्या दहाव्याला कावळा शिवणार नाही, हे मी घरूनच ओळखून होते. जन्मात कुठलं काम ह्या माणसानं पहिल्या झटक्यात होऊ दिलं? तसंच झालं. तोच घाट, तीच बाभळ, कावळे वर बसलेले. रेखानं काय काय कबूल केलं. जावयानं केलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. रेखा म्हणाली, "काकी, तुम्ही बोला. तुमच्यापाशीच काहीतरी राहिलं असंल त्यांचं."

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी पुढं झाले. आधी सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं, म्हणजे पाखराला जागा मिळेल. मग म्हणाले, "भावजी, मासा होता. बास? जेवा आता."

एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला आणि मान वाकडी करून थांबला. भावजी असंच करायचे. हवं ते मिळालं, तरी आणखी काहीतरी मिळेल म्हणून थांबायचे. मी पिशवीत हात घातला. रीळ सोबत आणलं होतं. म्हटलं, एवढं ऐकवावं. मूठ फिरवली.

करर्र वाजलं आणि घाटावरचे सगळे कावळे उडून नदीपल्याड, शिरूरच्या बाजूला गेले. बाभळीवर एक राहिला नाही.

"काकी, हे काय केलंत," रेखा म्हणाली.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. चालतं तसं. परत येताना बायका कुजबुजत होत्या, की म्हाताऱ्याचं मन कशात तरी अडकलंय. अडकू दे. मी नुसतं म्हणाले होते, कबूल काही केलेलं नाही.

पंखा अजून उघडाच आहे. रीळ चालू आहे. बंधाऱ्याच्या पाण्यातून त्या दिवशी आम्ही दोघं जिवंत बाहेर आलो होतो. आता त्यातली एकटी मी आहे.